होडीचा वेग आणि ओढीचा गळ

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे. समुद्र येथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. नाळ, सुकाणू, नॉट हे शब्द येथील विद्यार्थ्याला एके काळी केवळ पुस्तकात भेटत. धरणांनी हे चित्र पालटले. खडकपूर्णा नदीवर देऊळगाव मही परिसरात मोठा जलाशय झाला. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा हे गाव याच भागातील असल्याने त्या जलाशयाला संत चोखासागर असे नाव मिळाले. पैनगंगेवर पेनटाकळीचे धरण झाले. याशिवाय लहानमोठे तलाव आहेतच. जिल्ह्याचे जगप्रसिद्ध लोणार सरोवर मात्र यात धरावयाचे नाही, कारण त्याचे खारे व अल्कधर्मी पाणी मत्स्यव्यवसायाच्या उपयोगाचे नाही.

जेथे पाणी साठले तेथे मासा आला, आणि माशामागे होडी आली. होडी कशी चालवावी हे भोई समाजातील मुलगा वडिलांच्या हाताखाली शिकतो. ती हळू कशी चालवावी, हा प्रश्न मात्र इंजिन आल्यानंतर निर्माण झाला आणि त्याचा विचार अद्याप फारसा झालेला नाही. मासेमारीच्या एका पद्धतीत तर सारे यश या हळू चालण्यावरच अवलंबून असते. चालत्या होडीच्या मागे तंगुसाची लांब दोरी सोडावयाची, तिच्या टोकाला गळ आणि आमिष लावावयाचे, आणि होडी ज्या गतीने जाईल त्या गतीने ते आमिष पाण्यातून ओढत न्यावयाचे, अशी ही पद्धत. इंग्रजीतून आलेला ‘ट्रोलिंग’ हा शब्द तिच्यासाठी रूढ आहे.

येथे एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. ‘ट्रोलिंग’ आणि ‘ट्रॉलिंग’ हे दोन शब्द देवनागरीत जवळजवळ सारखे दिसतात आणि कागदोपत्री त्यांची सर्रास अदलाबदल होते. ट्रॉलिंग म्हणजे पिशवीसारखे मोठे जाळे समुद्राच्या तळावरून किंवा मधल्या थरातून ओढणे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्यान्वये जे निर्बंध घातले गेले त्यांत या ट्रॉल जाळ्याचा विषय प्रमुख आहे. ट्रोलिंगमध्ये जाळे नसतेच. एका गळाला एका वेळी एक मासा लागतो. दोहोंत होडीचा वेग कमीच असतो, पण ट्रॉल जाळे ओढणाऱ्या होडीला वेग कमी आणि ओढ प्रचंड लागते, म्हणून तिचे इंजिन मोठे असते. ओढीच्या गळाला वेगही कमी लागतो आणि ओढही कमी लागते. इंजिनाला काम जवळजवळ नसतेच, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

वेग का सांभाळावा?

कोकण किनाऱ्यावर सुरमई, जिला मालवणकडे इसवण म्हणतात, ती ओढीच्या गळाला लागणारा उत्तम मासा होय. सुरमई स्वतः शिकारी आहे. लहान मासे टोळीने चाललेले असताना त्यांतील जो मागे पडला, जखमी झाला, वेडावाकडा पोहू लागला, त्याच्यावर ती झडप घालते. मच्छीमाराचे आमिष हे अशा अडचणीतल्या माशाचे सोंग असते. बांगड्यासारखा खरा मासा गळाला ओवला असेल तर तो साधारण दोन ते तीन नॉट वेगाने ओढला असता स्वाभाविक दिसतो. वेग वाढला की तो गरगर फिरू लागतो, दोरीला पीळ बसतो, माशाचे मांस फाटते, आणि सुरमई त्याकडे पाठ फिरवते. वेग फारच कमी झाला तर आमिष निर्जीव होऊन खाली बसते. धातूची चकाकती पत्री किंवा कृत्रिम मासोळी याहून अधिक वेग सहन करते. काही प्रकार पाच-सात नॉट वेगानेच हालचाल दाखवतात. म्हणजे योग्य वेग हा आमिषाप्रमाणे व माशाप्रमाणे ठरतो. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात सामन माशाची ओढीच्या गळाने व्यापारी मासेमारी चालते. तेथे चिनूक जातीच्या सामनसाठी होडी जितकी संथ ठेवतात त्याहून थोडी अधिक गती कोहो जातीसाठी देतात. एकाच पाण्यात, एकाच होडीवर, अर्ध्या नॉटच्या फरकाने दिवसाची मिळकत बदलते असा तेथील अनुभव आहे.

वेगाबरोबर आमिषाची खोलीही बदलते. होडी संथ असेल तर शिशाचे वजन दोरी खाली नेते. गती वाढली की पाण्याचा दाब दोरीला मागे व वर ढकलतो. त्यामुळे पाच मीटर खोलीवर मासा असेल आणि होडी नकळत एक नॉट अधिक धावत असेल, तर आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जाते. मच्छीमार मात्र ‘आज मासा नाही’ असे म्हणून परत येतो.

इंजिन हळू का चालत नाही?

पाण्यात होडी ढकलण्यास लागणारा जोर साधारणपणे वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते. उलट बाजूने पाहिले तर वेग एक तृतीयांश केला की शक्ती सत्ताविसावा हिस्सा पुरते. समजा, एखादी होडी १० अश्वशक्तीवर सहा नॉट वेगाने जाते. तीच होडी दोन नॉट वेगाने न्यावयाची असेल तर सुमारे ०.३७ अश्वशक्ती पुरेल, आणि दीड नॉटला ०.१६ अश्वशक्ती. धडधाकट माणूस दीर्घकाळ काम करताना साधारण एक दशांश अश्वशक्ती देऊ शकतो असे मानले जाते. म्हणजे दोन वल्हेकरी जे काम सहज करतील तेवढ्याच कामासाठी १० अश्वशक्तीचे इंजिन वापरले जात असते. हे हत्तीला सुई ओवावयास लावण्यासारखे आहे.

इंजिनाला मात्र खाली उतरण्याची मर्यादा असते. ठराविक फेऱ्यांखाली ते बंद पडते. दर मिनिटाला २००० फेऱ्यांवर आठ नॉट वेग देणारे डिझेल इंजिन ७०० फेऱ्यांवर मंद चालवले, तरी गिअर जोडलेला असताना होडी पावणेतीन नॉटच्या आसपास चालतच राहते. कारण संथ गतीत पंख्याच्या फेऱ्या आणि होडीचा वेग यांचे प्रमाण जवळपास सारखे राहते. होडी हलकी व पंखा मोठ्या अंतराचा असला तर हा किमान वेग आणखी वाढतो. याहून खाली यावयाचे तर इंजिनाबाहेरचा उपाय शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या प्रकृतीची. तासन् तास मंद चालणारे डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी धरते आणि धूर वाढतो. दोन-धावांच्या पेट्रोल इंजिनात, म्हणजे ज्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळतात त्यात, प्लगवर तेलकट काजळी बसते व ऐन वेळी इंजिन सुरू होत नाही. म्हणून मधूनमधून दोरी आत घेऊन काही मिनिटे इंजिन नेहमीच्या भाराने चालवणे हिताचे असते. बाहेर बसवलेल्या इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते की नाही, हेही मंद गतीत वरचेवर पाहावे. जलाशयातील गाळ व शेवाळ तेथे अडकते.

उपाय आणि त्यांची किंमत

सर्वांत सोपा, आणि म्हणून सर्वांत अधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे गिअर घालणे व काढणे. थोडे अंतर इंजिनाने जावयाचे, मग गिअर मोकळा करून होडी वाहू द्यावयाची, वेग मेला की पुन्हा गिअर. सरासरी वेग यामुळे उतरतो हे खरे, पण आमिष कधी बुडते, कधी उसळते. काही मासे अशा उसळत्या आमिषावरच झडप घालतात, म्हणून ही पद्धत सरसकट वाईट म्हणता येत नाही. दिवसभर हेच केले तर मात्र गिअरची झीज होते, आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात कायम दांड्यावर अडकून पडतो.

दुसरा उपाय वाऱ्याचा. वारा अंगावर घेऊन चालले की तो आपोआप लगाम घालतो, आणि पाठीवर घेतला की होडी हाताबाहेर पळते. अनुभवी तांडेल गळ सोडण्याची फेरी वाऱ्याच्या तोंडावर आखतो व परतीची फेरी तिरकी, नागमोडी घेतो. नागमोडी जाण्याने वेग घटतोच, शिवाय एक वेगळाच लाभ होतो. होडी डावीकडे वळली की डाव्या बाजूची दोरी आतल्या, लहान वर्तुळात जाते. ती मंदावते व तिचे आमिष खाली उतरते. उजव्या बाजूचे आमिष बाहेरच्या वर्तुळात जलद जाते व वर येते. वळताना मासा सतत आतल्या बाजूच्या गळाला लागत असेल तर होडी फार वेगात आहे किंवा आमिष फार वर आहे असे समजावे, आणि बाहेरच्या बाजूला लागत असेल तर गती थोडी वाढवावी. हा वेगमापक फुकटचा आहे आणि मासाच तो वाचून दाखवतो.

तिसरा उपाय अडथळ्याचा. कॅनव्हासची शंकूच्या आकाराची झोळी, दोन्ही टोके उघडी पण मागचे तोंड लहान, होडीच्या बाजूने पाण्यात सोडतात. झोळी नसेल तर साधी बादलीही चालते. तीस सेंटिमीटर तोंडाची बादली दोन नॉट वेगाला सुमारे चार ते पाच किलोची ओढ देते. वेग चार नॉट झाला तर हीच ओढ चौपट, म्हणजे अठरा किलोच्या घरात जाते. बादलीचा खरा गुण येथे आहे. होडी पळू लागली की ती अधिक जोराने मागे खेचते आणि मंदावली की सैल पडते. लहान होडीला दोन्ही बाजूंना एकेक बादली लावली तर तीन नॉटवर अडलेला वेग अडीचपर्यंत उतरावा. अधिक उतरवावयाचा असेल तर मोठ्या तोंडाची झोळी हवी. प्लॅस्टिकच्या बादलीची कडी ही ओढ फार काळ सोसत नाही, म्हणून दोरी बादलीच्या अंगाभोवती जाळीसारखी गुंफणे बरे.

या उपायात तीन खबरदाऱ्या आहेत आणि त्या न घेतल्यामुळेच तो बदनाम झाला आहे. झोळी पिछाडीला बांधू नये, नाळेजवळ किंवा मध्यावर बांधावी आणि तिची दोरी इतकी आखूड ठेवावी की झोळी काहीही झाले तरी पंख्यापर्यंत पोहोचू नये. पंख्यात दोरी गुंतली म्हणजे भर पाण्यात इंजिन बंद. झोळ्या दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात, नाहीतर होडी एकीकडे ओढ घेते. आणि झोळीच्या शेपटाकडे दुसरी, रिकामी दोरी बांधलेली असावी, म्हणजे ती ओढताच झोळी उलटून मोकळी होते. भरलेली झोळी तोंडाकडून वर ओढू पाहणारा माणूस स्वतःच पाण्यात जाण्याची शक्यता अधिक.

पंख्याच्या मागे आडवी पत्र्याची फळी बसवून पाण्याचा झोत अडवण्याचीही पद्धत आहे. ती बाहेरच्या इंजिनांना बसवता येते, पण सुकाणूचा जोर घटतो. शिवाय फळी वर न करताच कोणी इंजिन जोरात सोडले तर फळी तरी वाकते किंवा तिचा जोड तरी तुटतो. मोठ्या होड्यांतील काही तेलदाबाच्या गिअरपेट्यांत मुद्दाम घसरण देणारी झडप असते. तिच्यामुळे इंजिन फिरते पण पंखा त्याहून हळू फिरतो. ज्या गिअरपेटीत अशी सोय निर्मात्याने केलेली नाही तिच्यात कारागिराच्या हातून ती करवून घेणे म्हणजे क्लचच्या चकत्या जाळून घेणे होय. पंखा बदलून कमी अंतराचा बसवला तर मंद वेग उतरतो, पण घरी परततानाचा वेगही जातो, आणि वादळ दिसू लागल्यावर तो वेगच कामाला येतो.

उरला तो दोन इंजिनांचा मार्ग. जाण्या-येण्यासाठी मोठे आणि गळ ओढण्यासाठी दोन-तीन अश्वशक्तीचे लहान. मोठे बंद पडले तर लहान इंजिन घरी आणते, म्हणून खर्च वाढला तरी हा मार्ग समुद्रावर शहाणपणाचा आहे. जलाशयावर बॅटरीवर चालणारी विजेची मोटर अधिक सोयीची. ती अगदी मंद फिरू शकते, आवाज करीत नाही आणि पिण्याच्या पाण्यात तेल सांडत नाही. तिचा हिशेब मात्र आधी करावा. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी २० अँपिअर प्रवाहावर कागदोपत्री पाच तास चालेल, परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने प्रत्यक्षात अडीच तास धरावेत. आणि परतीसाठी वल्ही होडीत असलीच पाहिजेत.

वल्ह्यांचा उल्लेख शेवटी आला, पण लहान जलाशयापुरते बोलावयाचे तर पहिला मान त्यांचाच आहे. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे दीड नॉटसाठी लागणारी शक्ती दोन माणसांच्या हातात असते, आणि होडी हलकी असेल तर एकाच्याही. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला आमिष किंचित उसळते व पुन्हा रेंगाळते. जखमी माशाची चाल साधावयाची ती हीच. इंजिनाला हे शिकवण्यासाठी परदेशात इतकी साधने निघाली, त्यात वल्ह्याने पूर्वीपासून केलेले कामच पुन्हा साधण्याचा प्रयत्न आहे.

वेग मोजण्याचा पाठ

वेग आवरावयाचा तर तो मोजता आला पाहिजे. ‘नॉट’ या शब्दाचा अर्थच गाठ असा आहे. जुन्या काळी जहाजावरून दोरीला बांधलेला लाकडी ठोकळा पाण्यात टाकीत. तो जागच्या जागी राही व दोरी सुटत जाई. दोरीवर ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत आणि वाळूचे घड्याळ संपेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या यावरून वेग ठरे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा सेकंदाला सुमारे ०.५१ मीटर.

ही रीत शाळेत करून दाखवता येण्याजोगी आहे. तीस मीटर बारीक दोरी घ्यावी, दर पाच मीटरवर रंगीत चिंधी बांधावी, आणि टोकाला गळ्यापर्यंत पाणी भरलेली बाटली लावावी, म्हणजे ती वाऱ्याने वाहत जाणार नाही. होडी चालू असताना बाटली पाण्यात सोडून दहा सेकंद मोजावेत. दहा सेकंदांत एक चिंधी सुटली तर वेग जवळजवळ एक नॉट, दोन सुटल्या तर दोन नॉट. चूक शेकडा तीनपेक्षा अधिक होत नाही, आणि तेवढी गळासाठी चालते. दोरीही नसेल तर नाळेशी एक पान टाकावे व ते पिछाडीला किती सेकंदांत पोहोचते ते मोजावे. सहा मीटर लांबीच्या होडीला सहा सेकंद लागले तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे सुमारे दोन नॉट. काळ, काम आणि वेगाची गणिते आगगाडीवर सोडवणाऱ्या मुलांना हे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. अर्थात मुलांना होडीत बसवावयाचे ते जाणकार नावाड्याबरोबर व जीवरक्षक जाकिटे घालूनच. नसल्यास गुरुजींनी होडीतून मोजावे व मुलांनी काठावरून.

हल्ली मोबाइलवरील उपग्रह-यंत्रणेने वेग दिसतो, मग चिंध्या कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर खाडीत मिळते. ओहोटीचा ओघ दोन नॉट असेल आणि होडी त्याच्या विरुद्ध दोन नॉट वेगाने चालत असेल तर काठावरच्या माणसाला ती जागीच उभी दिसते व उपग्रहाचे यंत्र शून्य दाखवते. पाण्यातील आमिष मात्र अगदी बरोबर दोन नॉट वेगाने चालत असते. यंत्रावर विसंबून तांडेलाने वेग वाढवला तर चूक होईल. ओघाबरोबर जाताना याच्या उलट. यंत्र जमिनीवरचा वेग सांगते आणि मासा पाण्यातला वेग पाहतो. जलाशयात ओघ जवळजवळ नसल्याने दोन्ही वेग सारखेच येतात, म्हणून हा पाठ शिकण्यास जलाशय ही खाडीपेक्षा सोपी शाळा आहे. पूर आलेला असताना नदीच्या मुखाजवळ मात्र तसे नसते, आणि तेव्हा तेथे होडी नेऊही नये.

जलाशयावरचा प्रश्न

आता मूळ शंकेकडे वळले पाहिजे. बुलढाण्याच्या जलाशयात ओढीचा गळ कोणासाठी? तेथे बीज सोडले जाते ते कटला, रोहू आणि मृगळ यांचे. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. यांतील कोणीही पळत्या आमिषामागे धावत नाही. त्यांच्यासाठी गिलजाळेच हवे, आणि सहकारी संस्थांचे उत्पन्न त्यांच्यावरच उभे आहे. ओढीच्या गळाला लागेल तो शिवड्यासारखा शिकारी मासा, आणि कडेच्या पाण्यात क्वचित मरळ. हे मासे सोडलेले बीज खातात, म्हणून त्यांची संख्या आवाक्यात राहणे संस्थेच्या हिताचे असते. मरळीला बाजारात भावही चांगला येतो. मात्र पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. त्या काळात राखण्या माशावर गळ टाकणे म्हणजे पुढल्या वर्षीचा मासा आजच गमावणे. शिवाय मरळ पाणवनस्पतींच्या दाटीत राहते. तेथे ओढीचा गळ अडकतो, आणि तिच्यासाठी काठावरचा साधा गळच बरा.

खरा संघर्ष वेळेचा आहे. गिलजाळी संध्याकाळी लावतात व सकाळी उचलतात. शिकारी मासा भक्ष्याला निघतो तोही पहाटे आणि तिन्हीसांजेला. म्हणजे गळासाठी जी वेळ उत्तम, त्याच वेळी पाण्यात जाळी उभी असतात. ओढीचा गळ जाळ्यात शिरला तर जाळे फाटते, गळ जातो, आणि काठावर भांडण होते. नायलॉनचे जाळे कोणाच्या तरी कर्जातून आलेले असते. जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने संस्थेकडे असतो, बीजाचा खर्च तिचा असतो, तेव्हा जाळ्याचा मान पहिला हे निर्विवाद. बाहेरच्या हौशी माणसाने संस्थेची परवानगी घेतल्याखेरीज गळ सोडू नये. संस्थेच्याच सभासदाला गळ ओढावयाचा असेल तर पाण्याची वाटणी ठरवून घ्यावी. धरणाच्या भिंतीपासून सुरक्षित अंतर सोडून खोल पाण्याचा एक पट्टा जाळ्यांपासून मोकळा ठेवता येतो, आणि जाळ्यांच्या दोन्ही टोकांना दुरून दिसणारे झेंडे लावले तर निम्मी भांडणे होणारच नाहीत. हे काम संस्था आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून, हंगामापूर्वी करावयाचे आहे. जाळे फाटल्यावर बोलावलेल्या सभेत ते होत नाही.

संथ होडी सुरक्षित असते असा एक समज आहे, तो तपासून घ्यावा. सुकाणूचा जोर पाण्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे असतो. चार नॉटला जे सुकाणू होडी चटकन वळवते त्याचा जोर दोन नॉटला एक चतुर्थांश उरतो. अशा वेळी आडवा वारा नाळेला सहज ढकलतो आणि होडी बुडालेल्या झाडाच्या खुंटावर जाते. जलाशय भरण्यापूर्वी तेथे गावे होती, विहिरी होत्या, बांध होते. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की हे सारे पाण्याच्या पातळीखाली हातभर अंतरावर येते. वेगात असलेली होडी एकदम थांबवली तर मागून येणारी तिचीच लाट पिछाडीवरून आत येते, म्हणून गती हळूहळू कमी करावी, विशेषतः जड इंजिन मागे लावलेल्या बुटक्या होडीत. मासा लागला की दोघेही एकाच बाजूला धाव घेतात, हे तर नित्याचेच. एकाने दोरी सांभाळावी व दुसऱ्याने आपल्या जागेवर बसून सुकाणू किंवा वल्हे धरावे, हा नियम होडी पाण्यात ढकलण्यापूर्वीच ठरलेला असावा. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळे लावणारे अनेक जण आहेत. ओढीचा गळ त्यांनी करू नये. मोठ्या माशाच्या एका हिसक्याने तराफा कलंडतो.

संथ चालीचे कसब जाळे लावतानाही उपयोगी पडते, आणि या जिल्ह्यापुरता त्याचा अधिक मोठा उपयोग कदाचित तोच आहे. होडी जलद गेली तर जाळे ताणले जाते. ताणलेल्या जाळ्याला मासा धडकून परत फिरतो, अडकत नाही. होडी रेंगाळली तर जाळ्याचे पुंजके होऊन पाण्यात पडतात. जाळे हातातून सुटण्याच्या गतीपेक्षा होडी किंचित मागे राहील, इतकाच वेग हवा, म्हणजे जाळे सैल उभे राहते. चिंध्यांच्या दोरीने एकदा मोजून पाहिले म्हणजे वल्हेकऱ्याला आपला तो वेग हाताला कळतो, आणि मग दोरी घरी खुंटीवर राहिली तरी चालते.